नोंदींचा पट : स्प्रेडशीटचे आकडेमोडीपलीकडील उपयोग

जबलपूर हे संरक्षण साहित्याच्या कारखान्यांचे जुने शहर आहे. येथील गन कॅरिज फॅक्टरी १९०४ साली स्थापन झाली. लष्करी वाहने तयार करणारा कारखाना १९६९ साली उभा राहिला. मोठा कारखाना आपल्याला लागणारा प्रत्येक सुटा भाग स्वतः घडवीत नाही. पिना, बुश, पट्ट्या, झाकणे असे कितीतरी भाग तो बाहेरून विकत घेतो, आणि ते पुरविणाऱ्या लहान उद्योगांची एक साखळी अशा शहराच्या आश्रयाने वाढत जाते. जबलपूरच्याच रिछाई या औद्योगिक वसाहतीतील एका लहान यंत्रशाळेचे उदाहरण आपण या पाठासाठी घेऊ. ही यंत्रशाळा काल्पनिक आहे. तिच्यापुढे उभा राहणारा प्रश्न मात्र असा व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे.

एके दिवशी या यंत्रशाळेला ग्राहकाचे पत्र येते. आठ महिन्यांपूर्वी पुरविलेल्या पिनांपैकी एका पिनेला वापरात तडा गेला आहे. ही पिन कोणत्या पोलादातून घडविली होती, त्याच पोलादाच्या आणखी किती पिना तयार झाल्या व त्या कोठे पाठविल्या, आणि त्यांची तपासणी कोणत्या मापकाने झाली, हे तातडीने कळवावे, अशी विचारणा पत्रात आहे. यंत्रशाळेच्या मालकाजवळ संगणक आहे आणि त्यात स्प्रेडशीटही आहे. पगार, कर, देयके यांचा हिशेब तिच्यात पैशापर्यंत अचूक केलेला आहे. त्या महिन्यात किती नफा झाला, हे मालक क्षणात सांगू शकतो. पण विचारलेल्या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर तिच्यातून मिळत नाही.

हे प्रश्न बेरीज-वजाबाकीचे नाहीत. कोणती वस्तू, कोठून आली, कोणाच्या हाताखालून गेली आणि कोठे पोहोचली, असे त्यांचे स्वरूप आहे. अशा प्रश्नांची उत्तरे देण्याचे सामर्थ्य स्प्रेडशीटमध्ये आहे. परंतु तिच्याकडे केवळ गणकयंत्र म्हणून पाहिल्यास ते सामर्थ्य निद्रिस्तच राहते. ते जागे कसे करावे, हा या पाठाचा विषय आहे.

साधनाचा जन्म आणि त्याचा प्रत्यक्ष वापर

हिशेबाच्या वहीची समोरासमोरची दोन पाने उघडून त्यांवर आडव्या ओळी व उभे रकाने आखलेला विस्तृत कागद, हा स्प्रेडशीट या शब्दाचा मूळ अर्थ. डॅन ब्रिकलिन हे हार्वर्ड विद्यापीठात व्यवसाय-व्यवस्थापनाचे शिक्षण घेत असताना, १९७८ साली, असा कागद संगणकाच्या पडद्यावर आणण्याची कल्पना त्यांना सुचली. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे हाताने खोडून पुन्हा लिहावे लागतात, हा त्रास टाळणे हा त्यांचा हेतू होता. बॉब फ्रँकस्टन यांच्या सहकार्याने त्यांनी तयार केलेली ‘व्हिसिकॅल्क’ ही आज्ञावली १९७९ साली ‘अॅपल टू’ या संगणकासाठी विक्रीस आली. तिच्या पटावर २५४ ओळी व ६३ रकाने होते. पुढे १९८३ साली ‘लोटस १-२-३’ आणि १९८५ साली ‘एक्सेल’ या आज्ञावल्या आल्या.

ही सर्व साधने आकडेमोडीसाठीच निर्माण झाली होती, यात शंका नाही. परंतु लोकांनी त्यांचा उपयोग वेगळ्याच रीतीने केला. १९९०च्या दशकाच्या आरंभी ‘एक्सेल’ घडविणाऱ्या गटात काम करणारे जोएल स्पॉल्स्की यांनी नंतर लिहून ठेवले आहे की, ग्राहकांकडे जाऊन पाहिल्यावर बहुसंख्य लोक या आज्ञावलीचा उपयोग केवळ याद्या करण्यासाठी करीत असल्याचे आढळले. त्यांच्या पत्रकांत एकही सूत्र नसे. हे ऐकून एखाद्यास हसू येईल. वस्तुतः त्या लोकांनी या साधनाचे एक अंग अचूक ओळखले होते. आखलेला पट ही मुळातच नोंद ठेवण्याची सोय आहे. गणित हा तिच्यावर चढविलेला नंतरचा साज आहे.

तक्ता हिशेबाहून जुना

आपल्याकडे याचा पुरावा घरोघरी सापडतो. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या पेटीत असणारा सातबाराचा उतारा म्हणजे गाव नमुना सात हे अधिकार अभिलेखाचे पत्रक आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही, यांचा एकत्रित तक्ता. मध्य प्रदेशात खसरा हेच कार्य करतो. या तक्त्यांत क्षेत्र व आकारणी यांचे आकडे असतात, पण त्यांचे खरे महत्त्व आकड्यांत नाही. ही जमीन कोणाची, ती कोणाकडून आली, तिच्यावर कोणाचा बोजा आहे, या गोष्टी ते सांगतात. मालकी बदलली म्हणजे फेरफाराची स्वतंत्र नोंद होते, तिला क्रमांक मिळतो, आणि जुन्या धारकाचे नाव पुसून न टाकता त्याला कंस केला जातो. जुनी नोंद वाचता यावी आणि नवी नोंद कोणत्या आधाराने झाली हे कळावे, ही यामागील दृष्टी आहे. संगणकावर पत्रक करणाऱ्याने ती प्रथम आत्मसात केली पाहिजे.

जबलपूरच्या इतिहासातही याच स्वरूपाचे एक उदाहरण आहे. विल्यम हेन्री स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३०च्या दशकात ठगांच्या बंदोबस्ताचे काम जबलपूर येथून चालविले. त्याचे मुख्य साधन शस्त्र नव्हते. ते नोंदींचे होते. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्या वेगवेगळ्या घेऊन त्या परस्परांशी ताडून पाहावयाच्या, कोणत्या गुन्ह्यात कोण सामील होते याच्या याद्या करावयाच्या, आणि कुटुंबांच्या वंशावळी मांडून नात्यांचा माग काढावयाचा, अशी त्याची पद्धत होती. १८३६ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘रामसीआना’ या ग्रंथात ठगांच्या सांकेतिक भाषेचा शब्दसंग्रह आहे. एका ठिकाणी मिळालेली माहिती दुसऱ्या ठिकाणच्या माहितीशी जोडून पाहणे, हे आज स्प्रेडशीटवर आपण करतो त्याच जातीचे काम होते.

या उदाहरणाची दुसरी बाजूही विसरता कामा नये. १८३६च्या कायद्याने ठगांच्या टोळीचा घटक असणे हाच जन्मठेपेस पात्र गुन्हा ठरला. अर्थात, एखाद्याचे नाव यादीत चढणे ही त्याच्या आयुष्याचा निकाल लावणारी घटना झाली. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हाच विचार संपूर्ण जमातींना लागू केला. त्या जमाती ‘विमुक्त’ होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. तक्त्यात नोंद करणे ही निरुपद्रवी लेखनिकी आहे असे ज्याला वाटते, त्याने हा इतिहास ध्यानात ठेवावा.

मांडणीचे नियम

आता रिछाईच्या यंत्रशाळेकडे परत येऊ. मालकाने नव्याने पत्रक करावयाचे ठरविले, तर त्याने कोठून आरंभ करावा? पहिला नियम असा की, एका ओळीत एकच गोष्ट असावी आणि एका रकान्यात एकाच प्रश्नाचे उत्तर असावे. येथे ‘एक गोष्ट’ म्हणजे एक काम. ग्राहकाच्या एका मागणीतील एका भागाचा एकदा घडविलेला गट, असा त्याचा अर्थ आपण ठरवू. त्याच्या ओळीत पुढील रकाने येतील : कामाचा क्रमांक, भागाचे नाव, ड्रॉइंगचा क्रमांक, ड्रॉइंगची आवृत्ती, पोलादाचा हीट नंबर, यंत्र, कारागीर, तपासणीसाठी वापरलेल्या मापकाचा क्रमांक, तपासणीचा निकाल, नाकारण्याचे कारण, चलनाचा क्रमांक व रवानगीचा दिनांक.

यांपैकी हीट नंबर या शब्दाचा खुलासा केला पाहिजे. पोलादाच्या भट्टीतून एका वेळी जो रस निघतो, त्याला एक क्रमांक देण्यात येतो. त्या रसापासून झालेल्या सर्व सळयांचे रासायनिक घटक सारखे असतात आणि त्यांचे प्रमाणपत्र याच क्रमांकाने ओळखले जाते. म्हणून एखाद्या पिनेत धातूचा दोष निघाला, तर संशय त्याच हीट नंबरच्या प्रत्येक पिनेवर येतो. या क्रमांकाची बेरीज कोणी करीत नाही, सरासरी कोणी काढीत नाही. तरीही संपूर्ण पत्रकातील सर्वांत मोलाचा रकाना कदाचित हाच ठरेल.

दुसरा नियम असा की, एका घरात दोन गोष्टी कोंबू नयेत. ‘लेथ दोन, रामू, ठीक’ अशी नोंद माणसाला समजते. संगणकाला मात्र ती एक अखंड अक्षरमालिका वाटते आणि तीतून लेथ क्रमांक दोनवरची सर्व कामे त्याला निवडता येत नाहीत. तिसरा नियम, शोभेसाठी घरे एकमेकांत मिसळू नयेत आणि मध्ये रिकाम्या ओळी सोडू नयेत. त्यामुळे क्रम लावण्याच्या वेळी गोंधळ होतो. चौथा नियम, जी माहिती केवळ रंगाने दर्शविली आहे ती नोंदलीच नाही असे समजावे. पिवळ्या रंगाचा अर्थ आज तुम्हाला ठाऊक आहे. सहा महिन्यांनी तुमच्या जागी बसणाऱ्याला तो ठाऊक नसेल. रंग हवा असल्यास खुशाल द्यावा, पण त्याचा अर्थ सांगणारा शब्द शेजारच्या रकान्यात लिहावा.

पाचवा नियम शब्दांच्या एकवाक्यतेचा आहे. नाकारण्याचे कारण एकाने ‘व्यास जास्त’, दुसऱ्याने ‘मोठा व्यास’ आणि तिसऱ्याने ‘डाया ओव्हर’ असे लिहिले, तर एकच दोष तीन दोष म्हणून मोजला जाईल. यासाठी स्प्रेडशीटमध्ये एक चांगली सोय असते. ठरावीक पर्यायांची यादी एकदा तयार करून ती त्या रकान्याला जोडता येते. मग लिहिणाऱ्याला त्या यादीतूनच निवड करावी लागते. ही सोय वापरताना ‘इतर’ हा पर्याय अवश्य ठेवावा व त्याच्यासाठी शेऱ्याचा स्वतंत्र रकाना द्यावा. तसे न केल्यास खरे कारण यादीत नसताना माणूस जवळचे वाटणारे खोटे कारण निवडतो, आणि पत्रक नीटनेटके पण असत्य होते.

चाळणी, क्रम आणि जोड

अशी मांडणी झाली म्हणजे पत्रकाला प्रश्न विचारता येतात. त्यांतील पहिली क्रिया चाळणीची. एखाद्या रकान्यातील विशिष्ट नोंद असलेल्या ओळीच पडद्यावर ठेवून बाकीच्या तात्पुरत्या दृष्टिआड करणे, म्हणजे चाळणी लावणे. दुसरी क्रिया क्रम लावण्याची. दिनांकाप्रमाणे लावलेला क्रम कामाचा इतिहास सांगतो. त्याच ओळी कारागिराच्या नावाने लावल्या की कामाची वाटणी दिसू लागते. कागदी नोंदवहीत एकच क्रम असतो, ज्या क्रमाने नोंदी झाल्या तो. येथे त्याच नोंदी दहा क्रमांनी वाचता येतात आणि मूळ नोंदीला धक्का लागत नाही.

तिसरी क्रिया जोडण्याची. पोलाद कोणाकडून आले, केव्हा आले, त्याचे प्रमाणपत्र कोठे ठेवले आहे, ही माहिती प्रत्येक कामाच्या ओळीत पुनःपुन्हा लिहिणे हा व्यर्थ श्रम आहे. शिवाय दहा ठिकाणी लिहिलेली गोष्ट कोठेतरी चुकतेच. म्हणून पोलादाची स्वतंत्र यादी करावी व तीत प्रत्येक हीट नंबरची एकच ओळ ठेवावी. कामाच्या ओळीत केवळ तो क्रमांक लिहावा. मग ‘व्हीलुकअप’ किंवा अलीकडचे ‘एक्सलुकअप’ यांसारख्या शोधसूत्राने पुरवठादाराचे नाव त्या यादीतून आपोआप आणता येते. एक माहिती एकाच ठिकाणी ठेवून अन्यत्र तिचा निर्देश करावा, या विचाराला एडगर कॉड यांनी १९७० साली शास्त्रीय रूप दिले आणि आजचे मोठे माहितीसाठे त्याच पायावर उभे आहेत. लहान यंत्रशाळेलाही तो तितकाच उपकारक आहे.

आता ग्राहकाच्या पत्राचे उत्तर कसे मिळते ते पाहा. चलनाच्या क्रमांकावर चाळणी लावली की कामाची ओळ सापडते. त्या ओळीत हीट नंबर आहे. मग त्या हीट नंबरवर चाळणी लावली की त्याच पोलादाची आणखी तीन कामे आणि ती कोणकोणत्या चलनाने कोठे गेली, हे समोर येते. मापकाचा क्रमांकही त्याच ओळीत आहे. पाव तासात उत्तर तयार होते, आणि ज्या ग्राहकांना सावध करावयाचे त्यांना त्याच दिवशी सावध करता येते. येथे संगणकाने एकही बेरीज केलेली नाही. मात्र एक गोष्ट स्पष्ट आहे : उत्तर पाव तासात मिळाले, ते आठ महिन्यांपूर्वी कोणीतरी कंटाळा न करता एक रकाना भरला म्हणून.

दिनांक आणि इशारे

व्हर्निअर, मायक्रोमीटर, गेज ही मापके वापराने झिजतात. म्हणून ठरावीक मुदतीने त्यांची प्रमाणित मापांशी तुलना करून घ्यावी लागते. मुदत उलटलेल्या मापकाने केलेली तपासणी ग्राहक मान्य करीत नाही. मापकांची एक यादी करून तीत शेवटच्या तुलनेचा दिनांक व मुदतीचे दिवस लिहिले, तर पुढचा दिनांक सूत्राने निघतो. आजचा दिनांक सांगणारे ‘टुडे’ हे सूत्र वापरून किती दिवस उरले ते काढता येते, आणि पंधरा दिवसांहून कमी उरल्यास ते घर तांबडे व्हावे, अशी अटही घालता येते. सकाळी पत्रक उघडताच कोणते मापक पाठवावयाचे ते डोळ्यांत भरते. येथे रंग माणसाने दिलेला नसून नोंदीवरून आपोआप आलेला आहे. वर सांगितलेला रंगाविषयीचा नियम त्यामुळे मोडत नाही.

दिनांकाची वजाबाकी शक्य होते याचे कारण असे की, संगणक दिनांक हा एक क्रमांक म्हणूनच साठवितो. ‘एक्सेल’मध्ये १ जानेवारी १९०० हा सर्वसाधारणपणे पहिला दिवस मानला आहे. गमतीची गोष्ट म्हणजे या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा दिवसही धरलेला आहे, जो प्रत्यक्षात नव्हताच. ‘लोटस’मध्ये झालेली ही चूक दोन्हींतील पत्रके परस्परांशी जुळावीत म्हणून ‘एक्सेल’ने तशीच ठेवली.

गोषवारा

शेकडो ओळींचा अर्थ एका दृष्टीत यावा, यासाठी ‘पिव्हट टेबल’ नावाची सोय उपयोगी पडते. उभ्या बाजूस दोषांची कारणे आणि आडव्या बाजूस यंत्रे मांडून प्रत्येक घरात त्या जोडीच्या ओळी किती, हे ती दाखविते. समजा, ‘छिद्र मोठे’ या दोषाच्या बहुतेक नोंदी एकाच ड्रिलिंग यंत्राखाली एकवटलेल्या दिसल्या. आतापर्यंत मालक कदाचित एखाद्या कारागिराला दोष देत आला असेल. त्या यंत्रावर तीन निरनिराळ्या माणसांनी काम केले आहे आणि तिघांच्याही हातून तोच दोष झाला आहे, हे आडव्या बाजूस यंत्रांऐवजी कारागिरांची नावे आणताच कळते. येथे मोजणी आहे, पण ती केवळ साधन आहे. साध्य आहे ते दोष योग्य जागी शोधणे आणि एका माणसावरचा अन्याय टाळणे.

हीच पद्धत यंत्रशाळेबाहेरही चालते. महाराष्ट्राबाहेर एखाद्या मराठी मंडळाच्या ग्रंथालयात दाखल-नोंदवहीवरून ग्रंथांचे पत्रक केले, तर कोणता ग्रंथ कोणाकडे आहे हे तर कळतेच. शिवाय दहा वर्षांत कोणीही न नेलेले ग्रंथ कोणते आणि फाटेपर्यंत वाचले गेलेले कोणते, हेही कळते. अनुवादकाला परिभाषेची यादी अशीच करता येते. ‘टॉलरन्स’ या एका शब्दाला यंत्रशाळेत ‘मापातील मुभा’, समाजशास्त्रात ‘सहिष्णुता’ आणि औषधशास्त्रात ‘सह्यता’ असे निरनिराळे पर्याय लागतात. शब्द, शाखा, पर्याय आणि उदाहरणाचे वाक्य असे चार रकाने केले की पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात योजलेला शब्द नवव्या प्रकरणात बदलत नाही.

धोके

आकडेमोडीसाठी जन्मलेले हे साधन अक्षरांनाही आकडे समजण्याची घाई करते. यंत्रशाळेत अर्धा इंच या अर्थाने १/२ असे लिहिले तर ते १ फेब्रुवारी होऊन बसते. ड्रॉइंगचा क्रमांक ००४५ असेल तर पुढची शून्ये गळून ४५ उरतात. क्रमांकात दोन आकड्यांच्या मध्ये इंग्रजी ‘ई’ हे अक्षर असेल, उदाहरणार्थ १२ई३, तर त्याचे बारा हजार होतात. पंधराहून अधिक अंकांच्या क्रमांकातील शेवटचे अंक शून्य होतात, आणि ते परत मिळविण्याचा मार्ग नसतो. यावर उपाय एकच : अशा रकान्याचे स्वरूप ‘मजकूर’ असे नोंदी करण्यापूर्वीच ठरवून द्यावे.

हा दोष किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण जीवशास्त्रात घडले. ‘मार्च-१’, ‘सेप्ट-२’ अशा अर्थाची संक्षिप्त नावे असलेल्या जनुकांचे स्प्रेडशीटमध्ये दिनांक होत असत. ज्या संशोधन-निबंधांना जनुकांच्या याद्या ‘एक्सेल’ पत्रकांत जोडल्या होत्या, त्यांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत अशा चुका असल्याचे २०१६ साली दाखवून देण्यात आले. अखेरीस नामकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२०पर्यंत त्या जनुकांची नावेच बदलली. माणसाने साधनाला शिस्त लावण्याऐवजी साधनापुढे नमते घेतल्याचा हा प्रसंग आहे.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाच्या लेखी भिन्न असू शकतात. शब्दाच्या शेवटी राहिलेली एक मोकळी जागा, किंवा जोडाक्षर टंकित करण्याची वेगळी रीत, एवढ्यानेही शोधसूत्राला नोंद सापडत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तर प्रसिद्धच आहे. म्हणून नावांवर विसंबून जोड न करता क्रमांकांवर करावी.

मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. ‘एक्सेल’च्या जुन्या प्रकारच्या पत्रकात ६५,५३६ ओळी मावत, २००७ सालापासून ही मर्यादा १०,४८,५७६ झाली. २०२० साली इंग्लंडमध्ये करोनाच्या चाचण्यांचे निकाल एकत्र करताना जुन्या प्रकारची पत्रके वापरली गेली, आणि न मावलेल्या ओळी गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांच्या नोंदी दैनंदिन अहवालातून सुटल्या. रुग्णांना आपापले निकाल कळले होते. परंतु त्यांच्या सहवासात आलेल्यांचा शोध घेण्यास त्यामुळे विलंब झाला. ओळी फार वाढू लागल्या, किंवा अनेक माणसे एकाच वेळी नोंदी बदलू लागली, की खऱ्या माहितीसाठ्याकडे वळणे श्रेयस्कर. तोपर्यंत मूळ पत्रकाची प्रत रोज वेगळी ठेवावी, आणि कोणी कोणती नोंद केव्हा व कशासाठी बदलली याची फेरफार-यादी असावी. सातबाऱ्यातील कंसाचे तत्त्व येथे उपयोगी पडते. यासाठी खर्चही करावयास नको. ‘लिबरऑफिस कॅल्क’सारखी आज्ञावली विनामूल्य मिळते.

नोंदीमागील सत्य

एक अंतिम प्रश्न उरतो. रकाना भरलेला आहे, शब्द यादीतलाच आहे, जोड बरोबर लागली आहे. पण मुळात लिहिलेले खरे आहे काय? २०१७च्या जुलै महिन्यात केंद्रीय अन्वेषण विभागाने जबलपूरच्या गन कॅरिज फॅक्टरीला पुरविलेल्या बेअरिंगांसंबंधी गुन्हा नोंदविला. ‘धनुष’ या तोफेसाठी पुरविलेली ही बेअरिंगे चीनमधील असताना ती जर्मन बनावटीची म्हणून देण्यात आली, असा एका पुरवठादारावर आरोप होता. आरोपाची शहानिशा करणे हे न्यायालयाचे काम आहे. आपण त्यातून एवढेच घ्यावे की, ‘मूळस्थान’ या रकान्यात लिहिलेला शब्द खरा की खोटा, हे कोणतेही सूत्र सांगू शकत नाही. सळईवरील ठसा आणि प्रमाणपत्रावरील क्रमांक स्वतः ताडून पाहणारा माणूसच ते सांगू शकतो. म्हणून ‘हीट नंबर’ या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावा : ‘ठसा कोणी पाहिला’.

रिछाईच्या त्या यंत्रशाळेत आठ महिन्यांपूर्वी सळई उतरवून घेताना कोणीतरी वाकून तिच्या टोकावरचा ठसा वाचला असेल आणि तो पत्रकात उतरवून त्यापुढे आपले नाव लिहिले असेल, तर तडा गेलेल्या पिनेच्या भावंडांचा शोध लागेल आणि त्या वेळीच बदलल्या जातील. तसे झाले नसेल, तर जगातील उत्तमोत्तम आज्ञावलीही त्या मालकाला केवळ त्या महिन्याचा नफाच सांगू शकेल.